लाल शाई संपली होती

तार तुटलेली रॅकेट समोर आली की रॅकेटींना तारा घालणाऱ्या गटिंगवाल्याचा हात आधी कटरकडे जायचा आणि डोकं मागाहून पोचायचं. एक तार तुटली की उरलेल्या तारा चौकटीला एका अंगानं ओढत राहतात, चांगली रॅकेट तिरकी होऊन बसते, म्हणून बाकीच्या तारा लगेच कापून टाकायच्या, मधून सुरुवात करून कडेकडेला जायचं, हा त्याच्या धंद्यातला पहिला धडा होता आणि तो त्याच्या मनगटात मुरला होता. त्या दिवशीही तसंच झालं. एका बाईंनी कव्हरसकट रॅकेट काउंटरवर ठेवली, त्यानं चेन उघडली, मधली उभी तार तुटून तिची दोन टोकं मिशांसारखी वळलेली बघितली आणि "केव्हाची तुटलीय हो ही?" असं म्हणता म्हणता कटर घातला. टण्ण. टण्ण. बाई तेव्हा पाठमोऱ्या होत्या, भिंतीवर टांगलेल्या नव्या रॅकेटी बघत. पहिल्या आवाजाला त्यांचे खांदे उडाले, दुसऱ्यालाही उडाले, मग मात्र त्या तशाच ताठ उभ्या राहिल्या, दुखरा दात काढून घेताना माणूस राहतो तशा. तारांचे तुकडे त्यानं मुठीनं ओढून काढले आणि काउंटरखालच्या टोपलीत टाकले. रॅकेट मोकळी झाली. आणि मग त्याला रॅकेटची मूठ दिसली. मुठीवरची पांढरी पट्टी उलट्या बाजूनं, खालून वर गुंडाळलेली. सगळ्या गिऱ्हाइकांत अशी पट्टी गुंडाळणारा एकच होता.

"अहो, ही तर आमच्या नवाबांची!" तो हसून म्हणाला. "आज आईसाहेबांना कामाला लावलं का? स्वतः यायला सवड नाही झाली वाटतं?"

"तो नाही आता," बाई म्हणाल्या.

"बाहेरगावी? स्पर्धा का?"

"नाही हो." बाई वळल्या. त्यांचा चेहरा नवाबासारखाच लांबट होता, तीच हनुवटी. "गेला तो. झाले आता बरेच दिवस. स्वतःच्या हातानं गेला. तुम्हाला कळलं असेल असं वाटलं मला."

त्याला कळलं नव्हतं. हातातला कटर कुठे ठेवावा ते त्याला सुचेना. तो त्यानं आधी काउंटरवर ठेवला, मग तिथे बरा दिसेना म्हणून खिशात घातला, आणि खिशात तो मांडीला टोचत राहिला. काहीतरी बोलायला हवं होतं. अशा वेळी लोक जे बोलतात ते त्याला सगळं पाठ होतं, पण तोंडातून "अरे अरे अरे" एवढंच बाहेर आलं. सांडलेल्या दुधाकडे बघून म्हणावं तसं.

"त्या तारांवर शिक्का होता ना," बाई म्हणाल्या. "कंपनीचा. तो कोणत्या रंगाचा होता, ते मला बघायचं होतं. घरी चेन उघडायचा धीर झाला नाही. म्हटलं दुकानात तुम्ही उघडाल तेव्हा बघीन. आणि तुम्ही उघडलीत तेव्हा नेमकी मान वळवली मी."

त्यानं तुटलेली तारच तेवढी बघितली होती, शिक्का नाही. तो खाली बसला आणि टोपली उपसायला लागला. टोपलीत दिवसभराचे तुकडे होते, दहा रॅकेटींचे, एकमेकांत गुंतलेले. नवाबाच्या तारा दुधी रंगाच्या, पण दुधी तारा निम्मी दुनिया वापरायची. काही तुकड्यांना काळी शाई लागली होती, काहींना लाल, काहींवर दोन्ही नसून चेंडूची लव आणि मातीच होती. ओंजळभर तुकडे त्यानं काउंटरवर ठेवले. बाईंनी त्यातला एक उचलला, उजेडात धरला, खाली ठेवला.

"त्याचा नेहमी लाल असायचा," बाई म्हणाल्या. "पण शेवटी शेवटी एकदा रॅकेट दाराला टेकवून ठेवलेली होती, तेव्हा मला तो काळा दिसला. त्याचे बाबा म्हणतात, तुला भास झाला. तुम्हीच लावत होतात ना? मग तुम्हाला आठवत असेल."

"नाही आठवत हो," तो म्हणाला, आणि त्या घटकेला ते खरं होतं.

"आठवून बघा. तोवर तारा घालून ठेवा. तुटकी रॅकेट घरात बघवत नाही. शिक्का तेवढा मी आल्यावर लावा." दारापर्यंत जाऊन त्या थांबल्या. "तार तुटली तर त्याच दिवशी धावत यायचा ना तो तुमच्याकडे?"

"त्याच दिवशी. कधी कधी घामेजलेलाच."

"ही त्यानं तशीच ठेवून दिली होती," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

दुकान एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होतं, पाठीमागे टेनिसची मैदानं, आणि दिवसभर तिकडून चेंडूचे आवाज यायचे. ते आवाज त्याला एरवी ऐकूच येत नसत, घरातल्या घड्याळासारखे. त्या दिवशी एकेक वेगळा ऐकू यायला लागला. त्यानं चौकट यंत्रावर चढवली तर ती किंचित तिरकी झालेली होती, डाव्या अंगाला, नुसत्या डोळ्याला कळणार नाही इतकी. इतके दिवस ती कपाटात नाहीतर दारामागे कुठेतरी उभी होती आणि आतल्या आत तारा तिला ओढत होत्या, आणि घरात माणसं जेवत होती, झोपत होती, दार उघडत होती. त्यानं पहिली उभी तार ओवली आणि नवाबाला आठवायला लागला. माणूस गेल्यावर आठवण अशी सरळ येत नाही, आधी तिच्या कडेकडेचंच सगळं येतं. आधी आले ते वडील. पोरगा लहान असताना वडील बरोबर यायचे, हाताची घडी घालून त्याच्या मागे उभे राहायचे आणि पोरगा काय म्हणतो ते गंभीरपणे ऐकायचे. पोराचं नाक काउंटरला लागायचं, पण तक्रारी मोठ्या माणसाच्या. ताण कमी आहे. ताण जास्त आहे. तळहाताच्या कडेनं तारांवर थाप मारून कान लावायचा आणि म्हणायचा, "हा आवाज नाही काका." शब्दशः असं, हा आवाज नाही. मग परत सगळं उसवा. पुढे तो मोठा झाला, चांगला खेळायला लागला, कंपनी त्याला तारा फुकट द्यायला लागली आणि अट एवढीच, की तारांवर कंपनीचा शिक्का दिसला पाहिजे, रंग कोणताही. तेव्हापासून तर विचारूच नका. शिक्का म्हणजे प्लास्टिकचा एक पातळ पत्रा, त्यात चिन्हाच्या आकाराचं भोक. तारांच्या मागे कागद धरायचा, वर पत्रा ठेवायचा आणि शाईच्या बाटलीचं स्पंजाचं टोक भोकावरून दाबत न्यायचं. लहान मुलालाही जमेल असं काम. पण नवाबाला लाल हवा होता, आणि लाल म्हणजे सगळा लाल नव्हे. गाजरासारखा नको. विटेसारखा नको. वाळल्यावर तपकिरी पडणारा तर मुळीच नको. आधी कागदावर ठिपका लावून दाखवायचा, मग तो ठिपका खिडकीपाशी नेऊन बघणार, मग मान डोलावणार. शाई तारांच्या सांध्यात जरा उतरली की स्पिरिटनं पुसा आणि पुन्हा लावा. "तू गिऱ्हाईक आहेस की माझी सासू?" असं गटिंगवाल्यानं त्याला एकदा विचारलं होतं, आणि पोरगा इतका हसला होता की त्याला ठसका लागला. नवाब हे नाव त्या दिवसापासून पडलं. ते त्याला आवडायचं. फोनवर सुद्धा म्हणायचा, "काका, नवाब बोलतोय, आपली स्वारी येतेय."

आणि मग, आडव्या तारा घालताना, एक वरून एक खालून, बोटं आपोआप चाललेली असताना, ते आलं. बाटली. लाल शाईची बाटली त्यानं हलवली होती आणि आत काहीच हललं नव्हतं. स्पंज दाबला तर कोरडा, गुलाबी पडलेला. ती दुपार होती आणि दुकानात दुसरं कुणी नव्हतं. नवाब काउंटरला कोपर टेकून उभा होता, बाहेर बघत. गटिंगवाल्यानं मनाची तयारी केली होती, आता हा आकाशपाताळ एक करणार. "नवाबसाहेब, लाल संपलीय. उद्या आणून लावतो, आज नुसती रॅकेट घेऊन जा." नवाबानं मान सुद्धा वळवली नव्हती. "असू दे काका. कोणतीही लाव. काय फरक पडतो?" मग त्यानं काळी लावली होती, काळी सगळ्यात सोपी, पसरत नाही आणि लगेच वाळते. एका दमात लावली, पुसावी लागली नाही. नवाबानं रॅकेट कव्हरमध्ये घातली. थाप मारून बघितली का? नाही बघितली. आणि गटिंगवाल्याला काय वाटलं होतं? तो यंत्रावर वाकलेला तसाच थांबला. त्याला बरं वाटलं होतं. पोरगा मोठा झाला, शहाणा झाला, सुटलो बुवा, असं वाटलं होतं. तो गेल्यावर त्यानं शीळ सुद्धा घातली असेल. घातली होती की आता आपणच ती शीळ तिथे नेऊन बसवतोय, ते त्याला कळेना.

संध्याकाळी घरी जेवताना बायकोनं मुलीला विचारलं, "तुला आणखी काय वाढू?" मुलगी कॉलेजात होती, ताटाशेजारी तिचा फोन उपडा ठेवलेला होता. ती म्हणाली, "काहीही चालेल."

"काहीही म्हणजे काय?" गटिंगवाल्यानं विचारलं.

"काहीही म्हणजे काहीही, बाबा."

"असं कसं? तुला काहीतरी हवं असेल ना? एखादी गोष्ट जास्त आवडत असेल, एखादी नसेल आवडत."

मुलीनं आईकडे बघितलं. "ह्यांना काय झालंय?"

"दुकानात कुणाशी तरी वाजलं असेल," बायको म्हणाली.

"वाजलं नाही काही. मी साधं विचारतोय. तू बरी आहेस ना?"

"मी बरीच आहे. तुम्ही असे बघताय ना माझ्याकडे, त्यानं आता घास उतरत नाहीये." ती ताट घेऊन आत गेली, आणि आतून नळाचा आवाज आला, भांडं आपटल्याचा आवाज आला, आणि तो आवाज रागाचा आहे हे ओळखून त्याला हायसं वाटलं. राग असेल तर ठीक आहे. मग त्या हायसं वाटण्याचीच त्याला भीती वाटली. बायको त्याच्यासमोर बसून होती. त्यानं तिला नवाबाचं सांगितलं, शाईचंही सांगितलं. ती ऐकत राहिली. पोराचा चेहरा तिला माहीत नव्हता, पण नाव माहीत होतं, कारण नवाबाच्या खोड्या हा घरातला एक करमणुकीचा विषय होता. डोळे पुसून ती म्हणाली, "पण अहो, कोणतीही लाव म्हणाला म्हणून काय झालं? तुम्ही स्वतः जन्मभर काहीही चालेल म्हणत आलात. ह्या भिंतींना रंग काढताना रंगाऱ्यानं विचारलं, कोणता लावू? तुम्ही काय म्हणालात? कोणताही लाव. तेव्हा मी काय पोलिसांना बोलवायचं होतं?" हे खरं होतं. तो भिंतीकडे बघत बसला. फिकट हिरवा रंग होता. तो निवडला कुणी? रंगाऱ्यानंच बहुधा. ह्या हिरव्यात आपण इतकी वर्षं राहिलो आणि तो आपल्याला आवडतो की नाही, हे आपण स्वतःला कधी विचारलं नाही. सगळं शहर दिवसभर हेच म्हणत असतं, हॉटेलात, दुकानात, रिक्षात, काहीही, कुठेही, कोणतंही, आणि त्यातला हजारातला एखादाच ते खरोखर म्हणत असतो. तो ओळखायचा कसा? त्याचा आवाज वेगळा येत असेल, पण तारेवर थाप मारून कान लावणारा लागतो, आणि तसा कान तर त्या पोरालाच होता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडून तो झाडत होता तेव्हा नवाबाचे वडील आले. केस अजून काळे होते, पण मान म्हाताऱ्यासारखी पुढे आली होती. हाताची घडी घालायची सवय मात्र तीच. त्यांच्या पुढ्यात पोराला बघायची गटिंगवाल्याला सवय होती, तसं त्यानं बघितलं, आणि त्यांनाही ते कळलं.

"ती येऊन गेली का?" वडिलांनी विचारलं.

"काल आल्या होत्या."

"शिक्क्याचं विचारलं असेल तिनं. काय सांगितलंत?"

"आठवत नाही म्हणालो."

"मग आता आठवलं म्हणून सांगा. लाल होता म्हणून सांगा."

"पण साहेब, खरं म्हणजे तो..."

"मला नका सांगू." वडिलांनी तळहात वर केला. "मला नको आहे ते. तिला सांगा. तुम्हाला कल्पना नाही आमच्याकडे काय चाललंय. तिनं सगळं घर उलटंपालटं केलंय. त्यानं केस कधी कापले, खोलीतली खुर्ची कधी हलवली, कोणत्या दिवशी दार लोटून घेतलं. जे दिसेल त्याला खूण म्हणते. हा शिक्का काळा का केला, ही खूण. आणि खूण होती म्हटलं की ती आम्हाला दिसली नाही, असं होतं. कळतंय का? मी रोज त्याच्याबरोबर मैदानावर असायचो. त्याचा प्रत्येक फटका मी बघितलाय. तार कितीला ओढलीय हे मला त्याच्या खांद्यावरून कळायचं." त्यांनी पुन्हा हाताची घडी घातली. "मला दिसली नाही, असं होतं ते."

गटिंगवाला झाडू हातात धरून उभा होता. तो म्हणाला, "बसा ना, पाणी देतो."

"नको. गाडी चुकीच्या जागी लावलीय." जाता जाता त्यांनी यंत्रावरच्या रॅकेटकडे बघितलं, अर्ध्या तारा घातलेल्या, आणि नजर लगेच काढून घेतली.

तो दिवस त्यानं कसा काढला, ते त्याला नीट सांगता आलं नसतं. गिऱ्हाइकं आली, बूट बघून गेली, एका मुलीची रॅकेट त्यानं चुकून जास्त ताणली आणि पुन्हा केली. मनात दोन वाक्यं तयार होती, एक लाल आणि एक काळं, आणि तो एकदा हे उचलायचा, एकदा ते. खोटं बोलायला काय लागतं? चिडला हो खूप, दुसऱ्या दिवशी परत आला आणि मी लाल लावून दिली, एवढं एक वाक्य. ते नवाबाला इतकं शोभून दिसत होतं की खऱ्याहून खरं वाटायचं. तसंच व्हायला हवं होतं. तो चिडायला हवा होता, काउंटरवर हात आपटायला हवा होता, हे काय काका, तुझ्यासारख्यानं शाई संपू द्यावी? हे ऐकायला आता कानांत प्राण आले होते.

बाई दुपारी आल्या, स्टुलावर बसल्या, पर्स मांडीवर ठेवली. त्यानं दोन वाक्यांतलं एकही उचललं नाही. तोंड उघडलं आणि जे होतं ते बाहेर आलं.

"काळाच होता," तो म्हणाला. "तुम्हाला भास झाला नव्हता. पण तो त्यानं मागितला नव्हता, बाई. माझ्याकडची लाल संपली होती, म्हणून मी काळा लावला. एवढंच आहे ते. त्यात त्याचं काही नव्हतं, सगळं माझ्या बाटलीचं होतं."

बाईंनी श्वास सोडला. पर्सवरची त्यांची बोटं सैल झाली. "त्यानं मागितला नव्हता," त्या म्हणाल्या.

"नाही."

मग त्यांच्या कपाळावर एक आठी आली, हळूहळू. "पण लाल नाही म्हटल्यावर तो काय म्हणाला? तो असा सोडणारा नव्हता."

हाच प्रश्न येणार हे त्याला ठाऊक होतं, आणि तो येऊ नये म्हणून तो सकाळपासून मनातल्या मनात बडबडत होता. त्यानं शाईच्या बाटल्या ओळीत लावल्या. मग म्हणाला, "कोणतीही लाव काका, म्हणाला. काय फरक पडतो."

मैदानाकडून चेंडूचे आवाज येत होते. कुणीतरी खूप वेळ न चुकता खेळत होतं. बाई रडल्या नाहीत.

"घरीही तेच म्हणायला लागला होता," त्या म्हणाल्या, जणू दुसऱ्या कुणाच्या मुलाबद्दल. "ताटात एक पदार्थ दुसऱ्याला लागला तर ताट सरकवणारा मुलगा. लहानपणापासून. चादरीला सुरकुती चालायची नाही, शर्टाची घडी चालायची नाही. माझा जीव मेटाकुटीला यायचा. आणि मग एकदम समोर येईल ते खायला लागला. बिनइस्त्रीचा शर्ट घालून जायला लागला. काय करू रे? काहीही कर. आणि मला, खरं सांगू का, मला बरं वाटलं. मी माझ्या बहिणीला फोन केला. म्हटलं, पोरगा सुधारला गं. असंच म्हणाले मी. सुधारला." त्यांनी मान वर केली. "काळा रंग मी उगाच शोधत बसले, हे शोधावं लागू नये म्हणून."

त्याला म्हणायचं होतं, मलाही बरं वाटलं होतं. पण त्या वाक्यानं कुणाचं ओझं हलकं होणार होतं? त्याचंच. म्हणून त्यानं ते गिळलं. मग त्यानं विचारलं, "आता कोणता लावू?"

"लाल लावा," बाई म्हणाल्या. "त्याच्या बाबांना लाल हवाय. काही बदललं नव्हतं, या एका गोष्टीवर ते उभे आहेत. तेवढं तरी राहू दे त्यांना. ह्यातलं काही त्यांना कळू देऊ नका." उठताना त्यांनी काउंटरला धरलं. "उद्या तेच येतील न्यायला."

संध्याकाळी त्यानं लाल निवडायला घेतला. दुकानात आता तीन लाल होते, एक कंपनीचा आणि दोन बाजारातले. तिन्हींचे ठिपके त्यानं कागदावर लावले आणि कागद खिडकीपाशी नेला. पहिला गाजरी होता. दुसरा ओला असताना झकास दिसला आणि वाळला तसा बसत गेला, तपकिरी झाला. तिसरा. तिसरा चालला असता. चालला असता का? तो कागद धरून उभा राहिला आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्याला नवाबाचा लाल आठवत नाही. काय नको ते सगळं आठवतंय, पण खुद्द तो रंग, मान डोलावल्यानंतरचा, तो डोळ्यांपुढे येत नाही. त्यानं तिसरा घेतला, पत्रा तारांवर ठेवला आणि शाई दाबत नेली. डाव्या कोपऱ्यात दोन तारांच्या सांध्यात शाई जरा उतरली. बघणारं कुणी नव्हतं. त्यानं स्पिरिट घेतलं, सगळा शिक्का पुसून काढला आणि पुन्हा लावला.

सकाळी वडील आले तेव्हा बाई गाडीत बसल्या होत्या, दुकानाच्या काचेतून त्यांचा खांदा दिसत होता. वडिलांनी रॅकेट दोन्ही हातांनी घेतली. शिक्क्याकडे बघितलं.

"लालच होता ना?"

"हो," गटिंगवाला म्हणाला.

"मी म्हणत होतो." त्यांनी मान हलवली, आणि हलवतच राहिले. "मी तिला म्हणत होतो, काही बदललं नव्हतं. तो होता तसाच होता. सगळं होतं तसंच होतं." मग मान थांबली. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी चाललं होतं, जिना चढताना आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली काहीच नसावं, तसं. "मग का हो?" ते म्हणाले.

गटिंगवाल्यानं शाईच्या बाटलीचं झाकण घट्ट केलं.

"काहीच बदललं नव्हतं ना? मग का? माणूस उगाच असं करत नाही. काही झालं नाही, कुणी बोललं नाही, कुणाशी भांडला नाही. मग का केलं त्यानं?" आवाज चढला नव्हता. ते खरोखरच विचारत होते, भेटेल त्याला पत्ता विचारावा तसं, आणि उत्तरासाठी थांबले होते. आपल्याला उत्तर माहीत नाही, हे गटिंगवाल्याला कळत होतं. पण त्याच्याकडे एक गोष्ट होती आणि हा माणूस रिकाम्या हातांनी उभा होता. बाईंनी बजावलेलं त्याला आठवलं. तो काउंटरच्या बाहेर आला.

"साहेब, लाल नव्हता," तो म्हणाला. आणि त्यानं सांगितलं. बाटली कोरडी होती ते, काळी कुणी लावली ते, आणि पोरगा काय म्हणाला ते. तारांवर थाप मारून बघितली नाही, तेही सांगितलं, कारण ते कळणारा हा एकच माणूस होता.

 ऐकून झाल्यावर वडील हळूच स्टुलावर बसले, रॅकेट गुडघ्यांवर आडवी.

"थाप मारली नाही," ते म्हणाले.

"नाही."

"शेवटचे काही सामने तो हरल्यावर चिडत नव्हता," वडील म्हणाले. "मी म्हणालो, आता तू खरा खेळाडू झालास." त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला, वरपासून खालपर्यंत, एकदाच. मग त्यांनी काचेतून गाडीकडे बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "हे तिला सांगू नका. ती रंगाच्या मागे आहे तीच बरी. हे कळलं तर ती यातून उठायची नाही. सांगणार नाही ना?"

गटिंगवाल्यानं त्यांच्याकडे बघितलं. मग गाडीकडे. "नाही सांगणार," तो म्हणाला.

वडील बाहेर गेले. गाडीत बसल्यावर त्यांनी कव्हरची चेन थोडी उघडून आतला लाल रंग बाईंना दाखवला. बाईंनी वाकून बघितलं आणि मान डोलावली. हो, लालच. वडिलांनीही मान डोलावली. रॅकेट मागच्या सीटवर गेली. बराच वेळ गाडी सुरू झाली नाही, मग झाली, आणि वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत त्या दोघांपैकी कुणाचेही ओठ हलले नाहीत.